खोंडाच्या टाकीवरचा पिवळा पंजा

थांबा थांबा, हे आत्ताच सांगावं लागते, बाकीचं मागून! खरं तर या आठवणींत आता मी माझ्या शाळेचं प्रकरण लिहिणार होती, अर्धं लिहून बी झालं होतं, पण ते राहू द्या बाजूले. आत्ता चहाचा कप तोंडाले लावला अन् फोनवर नातीचा फोटो आला. मुक्ता तिचं नाव. बुलढाण्याले राह्यते, नोकरी करते, अन् सुटी आली का आंगणात जुन्या फटफट्या खोलून बसते. काळे हात, काळं नाक, भोवती नटबोल्टचा पसारा. तिची माय कुरकुर करते, मी मनात हसते, काऊन का हे येड आमच्या रक्तातलंच आहे. तर फोटोत एक टाकी. गंजलेली, पोचे पडलेली, अन् डाव्या अंगाले एक पिवळा डाग. खाली लिहिलेलं, ‘आजी, काकाच्या माळ्यावर सापडली! तुझ्या बाबांच्या गाडीची ना? हा डाग घासून काढते अन् मस्त काळा रंग मारते!’ मी फोन लावून राह्यली, तर पोरगी उचलत नाही. घासायची मशीन सुरू असन, तिच्या कानात काय शिरते! म्हणून दोन्ही अंगठ्यांनी टाइप करून राह्यली, चष्मा घसरून राह्यला, चुका होतीन त्या होऊ द्या. मुक्ते, घासू नको. तो डाग नाही बाई. तो माझ्या मायचा हात आहे.

आम्ही तवा वडनेर भोलजीले राहत होतो. बाबा शाळेत मास्तर. घर मोठ्या सडकेपासून जवळच, दोन खोल्या, पुढं आंगण, आंगणात कडूनिंब, अन् निंबाखाली मायची चूल. उन्हाळ्या-हिवाळ्यात माय बाहेरच भाकरी करे. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा थप् थप् आवाज, पाट्यावर ठेचा रगडायचा आवाज, अन् त्याच्यात बाबाचा पाना घसरून दगडावर पडल्याचा खण्ण! हा तिसरा आवाज मागून आला घरात, पण मले आता तिन्ही एकदमच आठवतात, एकाच गाण्याचे असल्यासारखे. वास बी तसेच. भाजलेली मिरची अन् पेट्रोल. आज बी पेट्रोलपंपावर गाडी थांबली का मले भूक लागते, खरं सांगते. लेकरं हसतात.

फटफटी आली ती बैलगाडीत बसून! खामगावकडच्या एका जिनिंगमध्ये गोरा साहेब होता, त्याची ती. साहेब बदलून नागपूरकडं गेला. वऱ्हाडचा कारभार तवा नागपूरहूनच चाले, तर सगळे साहेब शेवटी तिकडंच जायचे. फटफटी राह्यली सरकीच्या गोदामात, सरकीच्याच ढिगाखाली. उंदरांनी सीट खाल्ली, चाकांचं रबर गेलं. बाबा तिथं कोणाच्या तरी ओळखीनं गेला होता, त्यानं ती पाह्यली अन् तिथून हलेच ना. गोदामवाला म्हणे, “मास्तर, घेऊन जा बाप्पा, जागा तरी मोकळी होईन.” संध्याकाळी गाडीतून उतरवली तवा टाकीतून पेट्रोल नाही, सरकी सांडली! माय चुलीपाशी बसली होती. तिनं मान वर करून पाह्यलं अन् म्हणाली, “हे कोणतं खोंड आणलं वो? सरकी बी खाते वाटते.” तवापासून तिचं नाव खोंड. गावात फटफटी, आमच्या घरात खोंड.

माय उठून जवळ गेली नाही, हे मी मुद्दाम सांगते. तिले चालायला तरास होये. मी लहान असतानी एकदा माहेराहून येताना आमची दमणी उलटली होती, बैल बुजले अन् नाल्याच्या उतारावर गाडी कलंडली. माय खाली, गाडी वर. कमरेत काही मोडलं ते नीट जुळलंच नाही. तवापासून डावा पाय ओढत चाले, अन् बैलगाडीत बसली का खड्ड्यागणिक तोंड पांढरं पडे. एकदोनदा बसून पाह्यलं, मंग सोडूनच दिलं. तिचं माहेर नांदुऱ्याच्या पल्याड, सडकेले लागूनच. दूर नाही. पण बैलगाडीशिवाय रस्ता नाही, अन् बैलगाडी तिच्याच्यानं होत नाही. माहेर दूर असण्यापेक्षा हे वाईट, मले आता समजते. आणखी एक गोष्ट, जी घरात कोणी बोलायचं नाही. त्या दिवशी दमणी हाकत होता बाबाच.

तर बाबा खोंडाले लागला. शाळा सुटली का धोतर खोचून निंबाखाली. एक एक पुर्जा काढून रॉकेलात धुवायचा, पोत्यावर ओळीनं मांडायचा, अन् माझ्याशी बोलता बोलता स्वतःशीच बोलायचा. “कुसे, हे पाय, हा मॅग्नेटो. एवढीशी डबी, पण सगळा जोर इथूनच येते. हे झाकण, ही पट्टी बाजूले सरकवली का निघते. आतमंदी ह्या दोन टिकल्या. जवळ आल्या, दूर गेल्या, का ठिणगी पडली!” अन् चुलीपाशी पाठ करून बसलेली माय भाकर उलथता उलथता म्हणे, “दूर गेल्यावरच पडते ना ठिणगी? मंग जवळ बसून काय करता? शेणाच्या गवऱ्या आणून द्या जरा.” बाबा उठून गवऱ्या आणून दे अन् पुन्हा बसे. ती कधी खोंडाच्या जवळ आली नाही, हात लावला नाही, काही विचारलं नाही. बाबाले वाटे, तिले राग आहे. मले बी तसंच वाटे.

दुसरा माणूस गफूरचाचा. आमच्या मागच्या गल्लीतला पिंजारी, गाद्या भरायचा. दिवसभर धुनकीची तार छेडून कापूस उडवायचा, संध्याकाळी दाढीत कापूस घेऊनच आमच्या आंगणात यायचा. आला का पहिले खोंडाले सलाम. “क्यों मास्तर, आज बोलली का तुमची बेगम?” बाबा किक मारी. खोंड खोके, ठसके, एक धुराचा गोळा सोडी अन् गप. गफूरचाचा म्हणे, “बोलते हो, पण भाभीच्या समोर लाजते.” माय लगेच, “चाचा, तुमी दाढी झाडा आधी, भाकरीवर कापूस पडून राह्यला.” पण एका संध्याकाळी खोंड खरंच बोललं. फट्, फट्, फट्फट्फट्! कोंबड्या उडाल्या, शेजारची म्हैस दावं तोडून पळाली, अन् बाबा आंगणात लहान पोरासारखा नाचला. मास्तर! शाळेत ज्याच्या नुसत्या चपलेच्या आवाजानं पोरं चूप बसत, तो! मी मायकडं पाह्यलं. ती पाठमोरीच होती. पण तव्यावरची भाकर करपून राह्यली होती, अन् मायची भाकर कधी करपत नसे.

मंग बाबानं नवंच काढलं. फटफटीच्या बाजूले जोडायची एका माणसाची गाडी, तो तिले साईडकार म्हणे. चाक जिनिंगच्याच भंगारातून आलं, सांगाडा सुताराकडून बाभळीचा करून घेतला, धक्के झेलायले खाली लोखंडी कमानी बसवल्या, एकाच्या दोन, दोनाच्या चार केल्या. पुन्हा पुन्हा त्याच्यात पाण्यानं भरलेला तांब्या ठेवून आंगणभर ढकलत न्यायचा अन् पाणी किती सांडलं ते पाहायचा. सांडलं का पुन्हा कमानी खोलायच्या. हा तांब्याचा खेळ लय दिवस चालला. गाव हसे. कोणी म्हणे मास्तर पाणीपट्टी वसूल करून राह्यला. गादीची वेळ आली तवा गफूरचाचा मापाची दोरी घेऊन आला. “मास्तर, सवारी कोण? जाड का बारीक? त्या हिशोबानं कापूस दाबतो.” बाबानं हातातला पाना पुसून ठेवला. मंग खाली पाहत म्हणाला, “जाड-बारीक काई नाही गफूरभाऊ. कमरेत दुखते, अशा माणसाची गादी कर. धक्का लागला नाही पाह्यजे. जराबी नाही.” चुलीपाशी थप् थप् थांबली. तेवढंच. जरा वेळानं पुन्हा सुरू झाली.

श्रावणात मामा आला, मायचा भाऊ. ओट्यावर बसून पाणी प्याला अन् म्हणाला, “अक्का, बुढीचे डोळे चालले वो. आता नुसती सावली दिसते तिले, रंग भडक असला तर रंग दिसते. रोज म्हणते, लेकीले एकदा पाहू द्या, मंग सगळा अंधार झाला तरी चालते.” माय आत गेली. दळण नसलं तरी जात्यावर काहीतरी दळत बसली लय वेळ. रात्री बाबा जेवताना, माझ्याकडं पाहून, पण तिले म्हणाला, “पोळ्याले जाऊ.” माय म्हणाली, “बैलगाडी सांगतान तर मी येत नाही.” “बैलगाडी नाही.” “मंग पाहू.” आता हे ‘पाहू’ म्हणजे काय, हो का नाही, यानं बाबाची झोप उडाली. मले माहीत आहे, तो आंगणात येऊन साईडकारवर हात फिरवत बसे. त्याच्या मनात काय होतं ते आता मी म्हातारी झाल्यावर समजते. खोंड सुरू होणं नाही, ती बसणं. त्यानं हाकलेल्या गाडीत पुन्हा एकदा, ती बसणं.

आता पोळ्याच्या आदल्या दिवसाचं. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्या वऱ्हाडात त्या संध्याकाळी बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सुजते, सोलते. तर गरम लोण्यात हळद कालवून पळसाच्या पानानं खांदा चोळायचा, हळूहळू शेकायचा, अन् बैलाले हात जोडून सांगायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायले या.’ आमच्या घरी बैल नव्हता, मास्तरच्या घरी कुठला? आम्ही मातीचे बैल पुजायचो. पण मायच्या माहेरी मोठी शेती, चार जोड्या, अन् लग्नाआधी खांद शेकायचं काम घरच्या लेकीचं, म्हणजे तिचं. त्या दिवशी दर वर्षी गल्लीतून हळदीचा वास आला का ती जरा गप होऊन जाये.

त्या संध्याकाळी बाबा अन् गफूरचाचा नांदुऱ्याले पेट्रोलसाठी गेले होते. दुसरी मोठी लढाई संपली होती पण पेट्रोल अजून मोकळं मिळे ना. माय मले म्हणाली, “कुसे, पळसाची चार पानं आण.” मी आणली. तिनं लोणी गरम केलं, हळद टाकली, वाटी माझ्या हाती दिली अन् पाय ओढत निघाली. शेजारच्या बैलांकडं जाते वाटलं. ती गेली खोंडापाशी! पहिल्यांदा. जरा वेळ नुसती उभी राह्यली. मंग खाली बसली, कमरेवर हात दाबून, सावकाश, अन् बरोब्बर मॅग्नेटोपाशी हात नेला. अंगठ्यानं पट्टी सरकवली, झाकण काढलं, अन् त्या दोन टिकल्यांवर पळसाच्या पानानं हळदलोणी चोळलं, फुंकर घालत, जखमेले लावते तसं. झाकण लावलं. हाताले उरलेलं टाकीवर थोपटलं, पंजा उमटला. अन् हात जोडून म्हणाली, “आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. अन् खोंडा, बुजू नको बाप्पा.” मले एवढं चांगलं वाटलं का काय सांगू. खोंड म्हटलं का खांद शेकलीच पाह्यजे ना! अन् वाटीत उरलेलं लोणी आम्ही दोघींनी हसत हसत चाटून टाकलं.

पोळ्याची सकाळ! बैल नदीवर धुवायले चालले, घुंगरं वाजून राह्यली, अंबाडीच्या दोऱ्या, बेगड, गेरू, अन् आमच्या आंगणापुढं अर्धं गाव, मास्तर बायकोले फटफटीवर नेते म्हणून. माय हिरवं लुगडं नेसून ओट्यावर उभी, हातात पुरणपोळ्यांचं गाठोडं. बाबानं किक मारली. काईच नाही. पुन्हा मारली. खोंड खोकलं सुद्धा नाही. बाबाच्या कपाळावर घाम. प्लग काढला, पुसला, लावला, किक. काईच नाही. गर्दीतून एक जण, “मास्तर, बैल जुपू का? आज तर धुतलेले बी आहेत!” हशा. दुसरा, “अरे त्याले बी आज सुटी आहे बे, पोळा आहे ना!” गफूरचाचा ओरडला, “हसा रे हसा, उद्या गाद्या भरायले याल तवा खडे भरतो!” पण बाबा हसत नव्हता, चिडत बी नव्हता. त्याचं तोंड पाहवेना. तो एकदा मायकडं पाहे, एकदा खाली. मले वाटलं, आता माय आत जाईन अन् गाठोडं सोडीन, अन् संपलं.

शेवटी त्यानं मॅग्नेटोचं झाकण काढलं. अन् तसाच थांबला. मी जवळच होती. आत सगळं पिवळं. त्यानं बोट लावलं, वास घेतला. अन् मंग टाकीवर नजर गेली, तिथला पंजा पाह्यला. गफूरचाचा म्हणाला, “काय झालं मास्तर?” बाबा झाकणावर हात ठेवून म्हणाला, “काई नाही. दव धरलं.”

ओट्यावरून आवाज आला. “दव पिवळं असते का वो?”

माय ओट्यावरून उतरली, पाय ओढत गर्दीतून आली. “मी लावलं. काल खांद शेकली त्याची. तुमीच म्हणता ना, सगळा जोर इथूनच येते. मंग खांदा तोच झाला ना त्याचा? का मी चुकीच्या जागी लावलं?”

बाबा तिच्याकडं पाहतच राह्यला. “झाकण कसं उघडलं तू?”

“पट्टी अंगठ्यानं बाजूले सारली. तुमी सारता तसंच.”

“तुले... तू पाहत होती?”

“आता बाई! चुलीकडं तोंड केलं म्हणून कान बी चुलीत घालते का माणूस?” ती म्हणाली, अन् मंग आवाज जरा खाली आणून, “तांब्यातलं पाणी सांडे ना, ते बी पाहत होती. परवा नाही सांडलं. एक थेंब नाही.”

बाबा पोत्यावर बसूनच गेला. मास्तर माणूस, गावापुढं, डोळे पुसे ना अन् लपवे ना. गफूरचाचानं दाढीतून, खरंच दाढीतून, कापसाचा बोळा काढला अन् पुढं केला. “घ्या मास्तर, आधी डोळे पुसा, मंग टिकल्या. उलटं करू नका, पेट्रोल झोंबते.” कापूस पेट्रोलात बुडवून बाबानं दोन टिकल्या पुसल्या, लय हळू, ते हळदलोणी फेकावं वाटत नसल्यासारखं. टाकीवरच्या पंजाले हात लावला नाही. झाकण लावलं. किक मारली. अन् खोंड असं डरकलं का सडकेवरचे बैल कान टवकारून पाहायले लागले.

माय बसली. मी तिच्या पायाशी. बाबा इतका हळू चालवे का गावाबाहेर एक म्हातारा पायी आम्हाले मागं टाकून गेला, अन् वर रामराम केला! तवा मायनं त्याच्या गुडघ्यावर बोट टोचलं. “चालवा ना जरा. मी काय काचेची हाव?” बाबा म्हणाला, “दुखून राह्यलं का?” ती म्हणाली, “गार वारं लागून राह्यलं,” अन् डोळे मिटून घेतले. दोन्ही बाजूले पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, हिरवी वावरं, मधात काळी सडक, अन् माझ्या डोक्यावर मायचा हात, अजून हळदीचाच.

मायची माय, माझी आजी, दारात बसली होती. आवाज ऐकून उठली, हात पुढं करून. तिले आम्ही दिसलो नाही, फटफटी बी दिसली नाही, नुसतं काहीतरी काळं. पण तिनं टाकीकडं बोट केलं, “ते पिवळं काय आहे वं?” माय उतरत होती. आजी चाचपत आली, टाकीवर हात ठेवला, पंजावर, नाकाले लावला. “हळदलोणी! म्हणजे खांद शेकली तू याची. माही लेक आहे, दुसरं कोण शेकीन.” अन् मंग मायचं तोंड दोन्ही हातात धरून असं पाह्यलं, असं पाह्यलं, का मी ते लिहू शकत नाही. नैवेद्याचं ताट आधी बैलांपुढं फिरलं, मंग खोंडापुढं. खोंडाच्या दिव्याच्या काचेले, तोंडाले लावावं तसं, पुरण लावलं कोणीतरी. बाबानं पुसलं नाही.

हळद काय, उन्हात उडून जाते. ती फिकी व्हायले लागली तवा बाबानं पिवळा ऑइलपेंट आणला अन् बारीक कुंचीनं तो पंजा जसाच्या तसा भरून घेतला, बोटांमधल्या फटी सुद्धा. पुढं किती वेळा गाडी रंगवली, काळी, हिरवी, पुन्हा काळी. पंजा सोडून. अन् दर पोळ्याले माय खांद शेके, फक्त आता झाकणाच्या वरून. बाबानं समजावलं नव्हतं. तिनंच ठरवलं.

अरे! आला, फोन आला मधातच! मुक्ता बोलली. तिनं मशीन लावली होती खरी, पण उजव्या अंगाकडून सुरू केली होती, पंजा राह्यला! माझं अर्धं टाइप केलेलं तिले आधीच धाडलं होतं मी, ते वाचून बसली होती म्हणे पुर्जे सोडून. म्हणाली, “आजी, मी माझा हात ठेवून पाह्यला त्याच्यावर. बसते बरोबर. फक्त करंगळी माझी जरा लांब आहे.” तिच्या आंगणात आमच्यासारखा निंब नाही, पण तिकडं कुठंतरी पक्षी ओरडत होता, ते फोनमधून ऐकू येत होतं.

तर आता तुमी सांगा, खरंच सांगा मले. तुमच्या घरी बी असं कोणी होतं का, जे पाठ करून बसलं होतं, अन् सगळं ऐकून राह्यलं होतं?